पूर्वग्रहाला अज्ञान म्हणणे आता थांबवा

आपल्या बैठकांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते. कुठे दगडफेक झाली, कुठे एखाद्याला दाढीटोपीवरून मारहाण झाली, की कोणीतरी उठून म्हणतो, "या पोरांना काही माहितीच नाही हो! त्यांना संविधान शिकवा, खरा इतिहास सांगा, सगळे ठीक होईल." मग ठराव होतो, शाळेत प्रश्नमंजूषा घ्यायचे ठरते, पुस्तिका छापली जाते, फोटो निघतात. पुढच्या घटनेनंतर पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तोच ठराव.

हे वाक्य चुकीचे आहे. ते ऐकायला बरे वाटते, कारण त्यात समोरचा अडाणी ठरतो आणि आपण शिकवणारे ठरतो. पण त्यामुळे खरा आजार दिसत नाही. आजच्या तरुणांमधला पूर्वग्रह हा राजकीय अज्ञानातून आलेला नाही. बऱ्याचदा तो राजकीय माहितीवरच पोसलेला आहे.

मी आष्टीचा. बीडच्या नव्हे, वर्ध्याच्याही नव्हे. जालना जिल्ह्यातल्या, परतूर तालुक्यातल्या आष्टीचा. अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि आता सॉफ्टवेअरचे काम करतो. गावी येणे-जाणे असते. आमच्याकडच्या एखाद्या चहाच्या टपरीवर तासभर बसा आणि मग सांगा, या पोरांना काय माहीत नाही? विधानसभेत २८८, विधान परिषदेत ७८, हे त्यांना झोपेतही आठवते. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. तेव्हापासून व्हीप, गटनेता, दहावी अनुसूची हे शब्द कटिंग चहाबरोबर येतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना लक्ष्मीकांतांच्या पुस्तकाची पानेच्या पाने पाठ आहेत. कलम ५१क मध्ये सर्व लोकांत सामंजस्य आणि बंधुभाव वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे, हेही त्यांना ठाऊक आहे. परीक्षेत येते ना!

आता त्याच टपरीवर विषय बदलू द्या. मुस्लिम मोहल्ला, बौद्धवाडा, मराठा, वंजारी, धनगर यांपैकी कोणताही निघू द्या. तीच हुशार पोरे क्षणात ठरलेल्या ओळी बोलू लागतात. "त्यांचे एकगठ्ठा असते." "त्यांना सगळे फुकट मिळते." "त्यांचा भरवसा नाही." आणि या ओळींना आधार म्हणून येतात ते आकडे, कलमे आणि सनावळ्या. तो आधार देण्यापुरते त्यांना राजकारण चांगलेच कळते.

आमची आष्टी लोकसभेला परभणी मतदारसंघात मोडते. २०२४ मध्ये तिथे संजय जाधव विरुद्ध महादेव जानकर अशी लढत झाली आणि गावोगाव तिची चर्चा मराठा विरुद्ध ओबीसी अशीच झाली. कोणत्या बूथवर कोणाला किती, कोणत्या गल्लीत किती घरे कोणाची, हा हिशेब पोरांच्या मोबाईलवर होता. हे राजकीय ज्ञान नाही तर काय? फक्त त्या ज्ञानात शेजारी हा माणूस राहिला नव्हता. तो बेरजेतला एक आकडा झाला होता.

त्याच निवडणुकीतले धुळ्याचे उदाहरण घ्या. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे उमेदवार पुढे होते. सहाव्या मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसला मोठी आघाडी मिळाली आणि काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. आकडे खरे होते. त्या खऱ्या आकड्यांना "व्होट जिहाद" असे नाव देण्यात आले आणि ते नाव विधानसभेच्या प्रचारात राज्यभर फिरले. एका समाजाने एका बाजूला मत दिले तर ती जागृती, दुसऱ्याने दिले तर जिहाद! इथे माहितीची कमतरता कुठे आहे? माहिती नेमकी होती म्हणून तर तिचे हत्यार झाले.

माझ्या स्वतःच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी शहरात भाड्याने घर बघत होतो. घर पसंत पडले, भाडे ठरले, अनामत ठरली. मी नाव सांगितले आणि घरमालकाच्या मुलाचा चेहरा बदलला. मुलगा चांगला होता, अधिकारी होण्यासाठी अभ्यास करत होता. म्हणाला, "दादा, वाईट वाटून घेऊ नका, सोसायटीत चालत नाही." मी कलम १५ चे नाव काढले. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "दादा, १५(१) राज्यसंस्थेला लागू आहे. १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव असे आहे. खासगी घर त्यात येत नाही. आणि २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा पारशी सोसायटीचा निकाल तुम्ही वाचला असेलच."

तो बरोबर बोलत होता. कलमांचा अर्थही बरोबर, निकालाचे सालही बरोबर. संविधान न वाचलेल्या माणसाने मला नुसते "नाही" म्हटले असते. याने संविधान वाचले होते, म्हणून त्याला "नाही" म्हणताना संकोचही वाटला नाही. आपल्या प्रश्नमंजूषेत हा मुलगा पहिला आला असता. आपणच त्याला सन्मानचिन्ह दिले असते.

हे फक्त माझे निरीक्षण नाही. चार्ल्स टेबर आणि मिल्टन लॉज या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन विषयांवर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वाचायला दिले: बंदूक नियंत्रण आणि आपल्याकडच्या आरक्षणाशी मिळताजुळता 'अफर्मेटिव्ह ॲक्शन' हा विषय. ज्यांचे मत आधीच पक्के होते आणि ज्यांना राजकारणाची माहिती जास्त होती, ते विद्यार्थी मधल्या मार्गावर आले नाहीत. आपल्या बाजूचा युक्तिवाद त्यांनी सहज गिळला, विरोधी युक्तिवाद जास्त कौशल्याने खोडला आणि शेवटी ते पहिल्यापेक्षा टोकाला गेले. आमच्या धंद्यातला माणूस हे लगेच ओळखेल. डेटाबेसला प्रश्न विचारतानाच अट अशी घातली की ठरावीक नोंदीच याव्यात, तर मागे लाख नोंदी ठेवा की कोटी, उत्तर तेच येणार. नोंदी वाढवून अट बदलत नाही.

मराठवाड्याने याची किंमत एकदा मोजली आहे. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाने इथे विद्यार्थ्यांची एक जागी पिढी उभी केली. अनुशेष, सिंचन, नोकऱ्या, रेल्वेचा रुंद मार्ग यांवर ती पिढी अभ्यासून बोलत होती. मुंबई-पुण्याने आपल्यावर अन्याय कसा केला, हे तिला आकड्यांसह माहीत होते. चारच वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. विरोधात रस्त्यावर उतरलेल्यांत विद्यार्थी होते, त्यांना बळ देणाऱ्यांत प्राध्यापक आणि वकील होते. अडाणी म्हणावे असे हे लोक नव्हते. नामांतराच्या बाजूने उभे राहिलेले तरुणही होते, त्यांनी मारही खाल्ला. पण दोन्हीकडच्यांची पुस्तके बहुतेक तीच होती. मग फरक कुठे पडला? आपल्यावर झालेल्या अन्यायाचा हिशेब दोघांनाही येत होता. आपण दुसऱ्यावर करत असलेला अन्याय मोजायला मात्र एकच गट तयार होता. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. सोळा वर्षे!

आता आपल्या काळाकडे या. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला माझ्याच पेशातला एक तरुण नमाज पढून परतताना मारला गेला. फेसबुकवर कोणीतरी टाकलेल्या आक्षेपार्ह चित्रांचा राग त्याच्यावर निघाला. त्याचा त्या चित्रांशी काहीही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात काही मुलांच्या मोबाईल स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपूर पेटले.

या प्रत्येक वेळी आपण काय केले? यादी पाठवली. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, सैन्यात अमुक होता, दरबारात तमुक होता. यादीतला इतिहास महत्त्वाचा आहे, तो लिहिण्या-सांगण्यासाठी गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे आयुष्यभर झटली. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. माझा आक्षेप आपण त्या यादीचा जो उपयोग करतो त्याला आहे. मला भाड्याने घर मिळावे म्हणून सतराव्या शतकातल्या दर्यासारंगाची शिफारस का लागावी? दौलतखान आरमारात नसता तर माझा हक्क कमी झाला असता का? यादी पुढे करताना आपण नकळत मान्य करतो की शेजाऱ्याने आपली परीक्षा घ्यावी आणि आपण उत्तरे द्यावीत. तिकडून वेगळ्या सनावळीची यादी येते. दोन्ही याद्या खऱ्या असू शकतात. भांडण तसेच राहते, दोन्हीकडचे पाठांतर मात्र वाढते.

आणि हा आजार फक्त तिकडे आहे असे समजू नका. आपल्या मोहल्ल्यातली सुशिक्षित मुले बघा. गाझाचा नकाशा त्यांना तोंडपाठ आहे. न्या. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल ते हवाला म्हणून देतात. मुस्लिमांना शिक्षणात पाच टक्के आरक्षण देणारा २०१४ चा अध्यादेश आला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो चालू ठेवू दिला, तरी सरकारने पुढे तो गळू दिला, हे ते संतापाने सांगतात. संताप रास्त आहे. पण त्याच सच्चर अहवालात मुस्लिम ओबीसींवर एक पूर्ण प्रकरण आहे. अश्रफ, अजलाफ, अरजाल ही उतरंड त्यात नोंदवली आहे. ते प्रकरण किती जणांनी उघडले? पिंजारी, शिकलगार, मदारी, फकीर यांच्या घरी सोयरीक करायची वेळ आली की हीच मुले "बिरादरी बघावी लागते" म्हणतात. बौद्धवाड्यातल्या वर्गमित्राच्या घरी जेवायला किती जण गेले आहेत? आणि "हे सगळे हिंदू आतून सारखेच" हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोलले जाते? बोलणारा अडाणी नसतो. बऱ्याचदा तो पदवीधर असतो आणि पुराव्यादाखल त्याच्याकडे पाच बातम्या तयार असतात.

म्हणून मुद्दा सरळ मांडतो. राजकीय ज्ञान दोन प्रकारे मिळते. एक, जिंकण्यासाठी. परीक्षा जिंकायची, वाद जिंकायचा, निवडणूक जिंकायची. या ज्ञानात दुसरा माणूस हा प्रतिस्पर्धी असतो आणि जितके ज्ञान वाढते तितका पूर्वग्रह तरबेज होतो. दुसरे ज्ञान मिळते एखादे काम तडीस नेताना, आणि ते काम शेजाऱ्याशिवाय होत नसेल तेव्हा. या ज्ञानात आपण चुकलो तर शेजारी तोंडावर सांगतो. पूर्वग्रहाला भीती वाटते ती या दुसऱ्या ज्ञानाची.

आपल्याच जिल्ह्यातला पुरावा घ्या. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला आणि साऱ्या राज्याची नजर जालन्याकडे वळली. मग कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुने दप्तर मोडीत आणि उर्दूत. खासरा पत्रक असो की शाळेचा जुना प्रवेश-निर्गम उतारा, आपल्या पणजोबाची जात काय लिहिली आहे हे वाचण्यासाठी मराठा तरुणाला उर्दू जाणणारा माणूस शोधावा लागला. विचार करा. ज्या लिपीकडे बघून एरवी नाक मुरडले जाते, तिच्यात त्याच्या लेकरांचे भवितव्य लिहिलेले होते. कोणत्याही सद्भावना मेळाव्याने जे शिकवले नसते ते त्या एका कागदाने शिकवले असते, जर आपण तिथे हजर असतो. आपली चळवळ तेव्हा तहसीलबाहेर टेबल टाकून बसायला हवी होती.

याच जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. दिलीप कुमार यांच्यासारखा कलावंत त्यांच्यासोबत सभा घेत फिरला. त्या चळवळीने धर्मावरून कोणाशी वाद घातला नाही. पिंजारी, बागवान, अत्तार, मोमीन हे हिंदू ओबीसींच्याच यादीत, त्याच निकषावर बसतात, हे तिने कागदावर दाखवले. एका यादीत असलेली माणसे एकमेकांविषयी जे शिकतात ते टिकते, कारण त्यात दोघांचाही फायदा-तोटा गुंतलेला असतो.

कोणी म्हणेल, लोकांना एकत्र आणले की झाले. तसेही नाही. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना मिश्र संघात खेळायला मिळाले त्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. पण जे दुसऱ्या जातीच्या विरुद्ध खेळले, त्यांच्यावर उलटा परिणाम दिसला. मैदान तेच, चेंडू तोच. सोबत खेळणे आणि समोर खेळणे यात जमीन-अस्मानाचा फरक पडला. आपण तरुणांना राजकारण कसे शिकवतो? समोरासमोरच्या संघांसारखे. मग त्यांचे ज्ञान म्हणजे नुसता धावफलक होतो, यात नवल काय?

तर मग संविधान शिकवायचे नाही का? शिकवायचे. पण पाठ करून घेण्यासाठी नाही, वापरण्यासाठी. माझी चळवळीतल्या साथींना तीन कामांची विनंती आहे.

पहिले, प्रश्नमंजूषा एक वर्ष बंद ठेवा आणि तो पैसा व वेळ ग्रामसभेकडे वळवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना माहीत आहेत. प्रत्येक गावात पाच-सहा तरुणांचा गट करा. प्रत्येक वस्तीतला एक. एकच प्रश्न घ्या: टँकरच्या फेऱ्या, कब्रस्तानाचा आणि स्मशानभूमीचा रस्ता, घरकुलाची यादी. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जावर सही दुसऱ्या वस्तीतल्या मुलाची असू द्या. घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव का गळाले हे एकदा एकत्र बसून शोधले, की "त्यांना सगळे फुकट मिळते" हे वाक्य तोंडातून निघत नाही.

दुसरे, दाखल्यांची शिबिरे घ्या आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवा. कुणबी, मुस्लिम ओबीसी, अनुसूचित जाती, भटके-विमुक्त. उर्दू वाचणारी आपली मुले-मुली तिथे बसवा. मुलींचे नाव मुद्दाम घेतो, कारण आपल्या उर्दू शाळांत शिकलेल्या किती तरी मुलींची उर्दू मुलांपेक्षा चांगली आहे आणि आपण त्यांना सभेत खुर्चीसुद्धा देत नाही.

तिसरे, स्वतःच्या घरात विचारा. मोहल्ल्याच्या तरुण मंडळाने सच्चर अहवालातले ते मुस्लिम ओबीसींचे प्रकरण एकदा मोठ्याने वाचावे आणि मग आपल्याकडे शेवटची आंतर-बिरादरी सोयरीक कधी झाली याचे उत्तर द्यावे. दुसऱ्याच्या पूर्वग्रहावर बोलण्याचा अधिकार कमवावा लागतो.

या कामांना टाळ्या मिळणार नाहीत. सन्मानचिन्हासारखा फोटोही निघणार नाही. पहिल्या ग्रामसभेत कोरम भरणार नाही, सभा तहकूब होईल, सरपंच चिडतील, घरचे म्हणतील, "तुला कशाला पाहिजे ही उठाठेव?" तरी जा. ज्या मुलाला कलमे पाठ आहेत त्याला आणखी एक कलम सांगू नका. त्याला शेजारच्या वस्तीतल्या पोराबरोबर एका अर्जावर सही करायला लावा, आणि दोघांना मिळून तीस दिवस उत्तराची वाट बघू द्या.